दौलतभाऊंची जीभ

दौलतभाऊ, तुमच्या जागी आता एक बाटली आहे. तपकिरी काचेची, टोपणाला रबरी ड्रॉपर असलेली. दुसऱ्या हौदाच्या कठड्यावर तुम्ही जिथे बूड टेकवून बसायचात, तिथे फळी ठोकून मी ती ठेवली आहे. हौदातलं पांढरं पाणी पेल्यात घ्यायचं आणि बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. गुलाबी झालं तर चुना अजून जिवंत आहे, धूर चालू ठेवायचा. पांढरंच राहिलं तर भुकटी तयार झाली, हौदात धूर ढकलणारा पंखा बंद करायचा. भट्टीवरचा कोणीही हे करू शकतो, इतकं सोपं आहे. पाच वर्षं हेच काम तुम्ही जिभेने केलंत.

फळी ठोकली त्या दिवशी भट्टीवरच्या एकाने विचारलं, "साहेब, हे दवाई नवी आली का जी?" मी हो म्हणालो. नवी नव्हती. लेबल पिवळं पडलं होतं आणि बाटलीवर धुळीचा थर होता. बाहेर आणण्याआधी दार लावून मी ती फडक्याने पुसली होती. तुम्हाला जाऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.

मी पहिल्यांदा भट्टीवर आलो तेव्हा तुम्ही माझ्या बुटांकडे पाहिलं होतं, आठवतं? वरोऱ्याच्या बाजारपेठेत वाढलेला मुलगा, केमिस्ट्रीची पदवी ताजी, बूट पॉलिश केलेले. राजुऱ्याच्या बाजूच्या त्या चुनखडीच्या मुलखात अर्ध्या तासात ते पांढरे झाले. तुम्ही म्हणालात, "काढून ठेवा साहेब, चुना कातडं खाते." भट्टी पेटवण्यात तुमची वीस वर्षं गेली होती आणि मला हुकूम सोडायला पाठवलं होतं. मालकांनी कुठेतरी पाहिलं होतं की चुनाभट्टीचा धूर भिजवलेल्या चुन्यात सोडला की मैद्यासारखी मऊ भुकटी बनते. दंतमंजनवाले घेतात, रंगवाले घेतात, रबरवाले घेतात. धुराड्यातून आभाळात जाणारा माल पकडायचा, असं ते म्हणायचे. मलाही ते फार भारी वाटलं होतं. वहीत मी समीकरण लिहून आणलं होतं. दगड भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. तोच वायू चुन्यात परत भरला की पुन्हा दगडाचाच पदार्थ तयार होतो, पण अगदी बारीक.

समीकरणात काजळी नसते. पहिले तीन महिने माझी भुकटी राखाडी निघाली, उंदराच्या रंगाची. मालक नागपूरहून यायचे, चिमटीत घेऊन पाहायचे आणि हात झटकायचे. मी पंख्याला दोष दिला, कोळशाला दिला, पाण्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं. तुम्ही चौथ्या महिन्यात तोंड उघडलंत. "साहेब, नवा कोळसा टाकला का काळा धूर येते. तो जाऊ द्या. मंग जो धूर दिसत नाई, तो धरा. तोच खरा माल." आणि भट्टी ते हौद या नळीच्या मधल्या पिंपात गावाकडचा भाताचा पेंढा, तुमचं धानाचं तणस, ओलं करून तुम्ही गच्च भरलंत, धूर त्याच्यातून गाळायला. आठवड्यात भुकटी पांढरी झाली. मालकांना मी सांगितलं की आम्ही पद्धत बदलली. "आम्ही" म्हणालो, तेवढी तरी लाज तेव्हा शिल्लक होती.

हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून आता म्हणतो. माझी नोकरी तुमच्यामुळे टिकली. रसायनशास्त्र मला कॉलेजात शिकवलं गेलं, पण वायू डोळ्यांना दिसत नसला तरी ओळखायचा असतो हे तुम्ही शिकवलंत. हौदावर साय किती जाड आली, बुडबुडा फुटताना आवाज कसा येतो, यावरून धुरात दम आहे की नाही हे तुम्ही सांगायचात आणि ते बरोबर निघायचं. मी तुमचा ऋणी आहे, आणि हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं, कारण पुढे काय लिहायचं आहे ते मला माहीत आहे.

आपला एक वाद मात्र तुम्ही अर्धवट सोडून गेलात. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की तुम्ही सुरू करायचात.

"साहेब, दगडातली हवा काढाची, मंग तेच हवा वापस भराची. मंग दगड जाळला कायले?"

"भुकटी बारीक होते, दौलतभाऊ. दळून एवढी बारीक होत नाही."

"मानलं. पण धूर धरला धरला म्हणता, तं वरून चालला तो कोनाचा होय?"

मी तुम्हाला सांगायचो की मासिकात आलं आहे, हा वायू जगभर हवेत वाढतो आहे, एक दिवस सगळ्या कारखान्यांना तो धरावा लागेल आणि तेव्हा आपली भट्टी पहिली म्हणून लोक बघायला येतील. तुम्ही धुराड्याकडे पाहायचात, मग आपल्या दोन हौदांकडे, आणि म्हणायचात, "आपन पळीनं तळं उपसून राह्यलो जी." मला राग यायचा. मी डबा बंद करून उठायचो.

जिभेची गोष्ट चेष्टेतून सुरू झाली. मी थेंब टाकायला खोलीतून बाटली घेऊन येईपर्यंत तुम्ही हौदाच्या तळातून बोट फिरवून जिभेच्या शेंड्याला लावलंत आणि म्हणालात, "चटका नाई. झालं." मी हसलो. थेंब टाकले, पाणी पांढरंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो झालं, तुम्ही म्हणालात नाही, खाली गोळे आहेत. ढवळून पुन्हा थेंब टाकले तर गुलाबी. मग आपली पैजच लागली. दोन-तीन आठवडे प्रत्येक हौदाला आधी तुमची जीभ, मग माझी बाटली. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. "हाताच्या काकनाले आरसा कायले पायजे," असं म्हणून तुम्ही थुंकायचात, चूळ भरायचात आणि पंखा बंद करायला जायचात. भट्टीवर तुमचं नाव झालं. ट्रकवाले मुद्दाम थांबून बघायचे. मीसुद्धा पाहुण्यांना मोठ्या हौसेने सांगायचो, आमच्या दौलतभाऊंची जीभ म्हणजे प्रयोगशाळा आहे.

पहिली बाटली संपली, तेव्हा कपाटात दुसरी होती. भरलेली. ती वापरून संपली की पुन्हा नागपूरच्या दुकानाला चिठ्ठी लिहायची, ती बसने पाठवायची, बाटली येईपर्यंत थांबायचं, आणि तपासणीला कोणी साहेब आले तर त्यांच्यापुढे काही तरी शास्त्रीय मांडायला हवंच. म्हणून ती मी तपासणीसाठी ठेवली. तुम्हाला सांगितलं, बाटली संपली.

"संपू द्या जी," तुम्ही म्हणालात. "मी आहो ना."

या तीन शब्दांवर मी पाच वर्षं काढली. मनात कधी टोचलं की मी स्वतःला सांगायचो, ते स्वतःच म्हणाले होते. चुना तर सगळेच खातात, पानात खातात, तंबाखूत खातात. माणूस किती कारणं शोधू शकतो याचा हिशेब मी माझ्यावरूनच केला आहे. पण पानातला चुना कणीएवढा असतो आणि तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा जिवंत चुन्याचं पाणी जिभेला लावत होतात. बाटलीला कपाट आणि जिभेला चुना, ही वाटणी मी केली होती. केमिस्ट मी होतो. हे मला कळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मला कळत होतं.

मग तो दिवस. तुम्ही हौदाजवळून आलात, तोंडात बोट घालून गाल चाचपडत. म्हणालात, "साहेब, जीभ सुन्न होऊन राह्यली. या बाजूनं मीठबी समजत नाई."

मी वहीत काहीतरी लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "मग दुसऱ्या बाजूने लावा."

सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि दुसऱ्या बाजूने लावायला लागलात. दौलतभाऊ, मी खूप वाईट माणूस नाही, असं मला आजवर वाटत आलं आहे. कोणाला शिवी दिली नाही, कोणाची रजा अडवली नाही. पण ते वाक्य मी म्हणालो, आणि म्हणताना मला काहीच वाटलं नव्हतं. आता ते मला जेवताना ऐकू येतं. भाजीत मीठ लागलं की ऐकू येतं.

आणखी एक दिवस आहे. तपासणीचे साहेब आले होते. जिभेचा प्रकार त्यांनी पाहू नये म्हणून तुम्हाला मी कोळशाच्या ढिगाकडे पाठवलं होतं. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर पेले, मधे बाटली. मी थेंब टाकत होतो आणि साहेब कौतुकाने गुलाबी रंग बघत होते, तेवढ्यात तुम्ही विसरलेला दुपट्टा घ्यायला दारात आलात. तुम्ही बाटली पाहिलीत. भरलेली होती, वरपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलंत, जरासं हसलात, खुंटीवरचा दुपट्टा घेतलात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या विचारण्याची वाट पाहत बसलो. उत्तरही तयार ठेवलं होतं. तुम्ही विचारलंच नाही. हौदाच्या कठड्यावर बसलात, बोट बुडवलंत आणि जिभेला लावलंत. ते हसू काय होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तो टोमणाच धरून चाललो आणि टोमणा मारला म्हणजे निदान हिशेब फिटला, असंही मनात म्हटलं.

पुढे तोंडाच्या कॅन्सरने तुम्हाला नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथे मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी तुम्हाला बोलता येत नव्हतं. गाल सुजलेला, पट्टी बांधलेली. तुम्ही दोन बोटं वर केलीत. मला कळलं, दुसरा हौद कसा चाललाय विचारता. मी म्हणालो, मस्त. दोन घाणे लागोपाठ वाया गेले होते, चुना कच्चा राहून. तेव्हाही मी बाटली कपाटातून काढली नव्हती, कारण काढली असती तर ती होती हे सगळ्यांना कळलं असतं. तुम्ही समाधानाने मान हलवलीत. संत्री उशाशी ठेवून मी निघालो. ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी मी संत्री आणली होती.

डॉक्टर म्हणाले, तंबाखू. तुम्ही खात होतात, खोटं नाही. सकाळी भट्टीजवळच्या तुमच्या खोलीपुढून गेलं की तुमच्या बायको गिरजाबाई अडकित्त्याने सुपारी कातरताना दिसायच्या. तंबाखू-चुना चोळून त्या दिवसभराची पुडी बांधून द्यायच्या. तेव्हा तंबाखूच असेल. मला रसायनं कळतात, रोग कळत नाही. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि मला खवखवतं आहे.

तुमच्या गावी, नागभीडच्या पुढे, पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. पांढरे कपडे घालून आलो. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, बाजूला तुमचा तो फोटो, ज्यात तुम्ही उगाच गंभीर झाला आहात. सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं वचन मी हात जोडून, मोठ्याने म्हटलं. खीर खाऊन निघताना गिरजाबाई दारात आल्या.

"साहेब, पुडीनंच झालं ना?" त्यांनी विचारलं. "माह्याच हातानं बांधून देत होती मी. रोज."

मला तिथे बोलता आलं असतं. दाराशी आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "डॉक्टरही तेच म्हणाले, बाई."

त्यांनी मान हलवली. अडकित्ता तळ्यात टाकून दिला, असं त्या म्हणाल्या. ते वचन उच्चारून अजून घटकाही झाली नव्हती. तुमच्या बायकोच्या डोक्यावर मी माझं पाप ठेवलं आणि बस पकडली.

परवा पुन्हा गेलो. शौर्य नाही त्यात काही, झोप लागेनाशी झाली म्हणून गेलो. दुपारची वेळ होती, तळ्याच्या पाळीवरून चालत गेलो. ढिवरांची मासे धरायची जाळी वाळत होती. गिरजाबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. मी ते हातात धरूनच सगळं सांगितलं. बाटली संपली नव्हती ते, कपाटाचं, दुसऱ्या बाजूने लावा म्हणालो ते. त्या खडे वेचत राहिल्या.

"मंग पुडीनं नाई झालं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाई. पुडीनंही असेल. पण तुमच्या एकट्या पुडीनं नाही. आणि चुना जिभेला लावायची काही गरज नव्हती. ती पाळी मी आणली."

त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, "बाटली त्याइले मालूम होती."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मोठे साहेब आले होते ना, त्या दिवशी घरी येऊन हासत होते. म्हने, गिरजा, साहेबाकडं बाटली भरली हाये. पन ते लोकाइले दाखवाची. खऱ्या कामाले साहेब माहीच जीभ मांगते. बाटलीपेक्षा माह्या जिभेवर त्याचा भरोसा हाये." सूप त्यांनी खाली ठेवलं. "लई खुश होते जी. बिमार पडले तवाबी तेच. म्हनत, मी गेलो तं साहेबाचं कसं होईन. मी म्हनो, जीभ सडून राह्यली अन् तुमाले साहेबाची पडली." आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तसंच होतं ना, साहेब? भरोसा होता ना?"

दौलतभाऊ, तुमच्या त्या हसण्याला मी टोमणा समजत होतो.

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. तुमच्या मरणातून त्यांच्या हाती तेवढी एकच चांगली गोष्ट उरली होती, की एका शिकलेल्या माणसाने बाटली बाजूला ठेवून तुमच्यावर विश्वास टाकला. हो म्हटलं असतं तर त्यांना ती जन्मभर पुरली असती, आणि मलाही पुरली असती. काही दिवसांनी मी स्वतःच ती खरी मानायला लागलो असतो. त्या अंगणात बसून मी माझ्याबद्दल एवढं तरी ओळखलं.

"नाही, बाई," मी म्हणालो. "भरोसा नव्हता. नवी बाटली मागवायची तर चिठ्ठी लिहावी लागली असती. तेवढ्यासाठी."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बोटं तांदळात होती, पण त्या वेचत नव्हत्या. मी उठलो, पाण्याचा गडू पायरीवर ठेवला. मी अंगणाच्या टोकाशी पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, तुमच्याशी बोलत असल्यासारखा हळू.

"बरं झालं, ते आयकाले नाईत."

बरोबर आहे त्यांचं. हे तुमच्या कानावर पडायला नको होतं. तुम्ही रोज माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसत होतात तेव्हा मी ते एकदाही सांगितलं नाही. आता तुम्ही ऐकायला नाही, म्हणून सांगतो आहे.